पँटच्या पट्ट्यांचा मोजा

आमच्या वन्संना गल्लीत सगळे ‘टाचणी’ म्हणायचे. तोंडावर नव्हे, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. अंगाने काडी, बोलणं टोकदार आणि ओठांत कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या, त्यामुळे नाव बसलं ते बसलंच. आता नवऱ्याची थोरली बहीण टाचणी असल्यावर भावजयीने काय व्हावं? मी मिरची झाले. हे बारसं वन्संनीच केलं. ‘कानामागून आली आणि तिखट झाली,’ असं त्या माझ्या लग्नानंतर पहिल्याच महिन्यात म्हणाल्या, आणि मीही ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. टाचणी आणि मिरची एका घरात इतकी वर्षं कशा नांदल्या ते आमच्या ह्यांनाच ठाऊक. मधे ते होते म्हणून नांदल्या.

वन्सं लाँड्रीत कपडे दुरुस्त करायच्या. पुढे धुतलेले कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत टांगलेले, आणि मागे, वाफेच्या इस्त्रीच्या पलीकडे, खिडकीखाली त्यांची खुर्ची. पँट आखूड करायची, चेन बदलायची, कंबर सैल करायची, कोटाचं अस्तर बदलायचं. माणसं त्यांना चेहऱ्याने लक्षात राहत नसत. रस्त्यात कुणी ओळख दिली की त्या आधी त्याच्या पायांकडे बघायच्या आणि मग हसायच्या. पुढे गेल्यावर मला सांगायच्या, “डावा पाय उजव्यापेक्षा आखूड आहे त्याचा. बिचाऱ्याला स्वतःलाच माहीत नाही.” बँकेच्या मॅनेजरची कंबर कुठून कुठे गेली हे त्याच्या बायकोच्या आधी वन्संना कळायचं. पण या बातम्या आमच्या जेवणाच्या टेबलापलीकडे कधी गेल्या नाहीत. टेबलावर मात्र त्या अशा काही तोंड करून सांगायच्या की हे हसून हसून खोकायला लागायचे आणि मी त्यांच्या पाठीवर थापट्या मारत वन्संवर डोळे वटारायची.

पँट आखूड केली की खालून कापडाची एक बांगडी निघते. लाँड्रीवाला म्हणायचा, टाकून द्या. वन्सं ती उसवायच्या, सपाट करायच्या आणि घरी आणून पलंगाखालच्या पिशवीत कोंबायच्या. कशाला म्हणून विचारलं तर उत्तर एकच, “लागतं.” ते कधी लागलेलं मी पाहिलं नाही. पिशवी फुगत गेली. मी दर दिवाळीच्या साफसफाईला ती कचऱ्यात टाकायची धमकी द्यायची आणि त्या दर वेळी ती माझ्या हातातून ओढून घ्यायच्या.

त्यांचं लग्न झालं होतं आणि लवकरच मोडलं होतं. एक सुटकेस आणि शिलाई मशीन घेऊन त्या भावाकडे आल्या आणि राहिल्या. मी आले तेव्हा त्या घरात होत्याच. त्या लग्नाबद्दल एवढंच म्हणायच्या, “उसवलेली शिवण पुन्हा त्याच भोकांतून घालू नये. कापड फाटतं.” पुढे विचारायची सोय नव्हती.

हे उन्हाळ्यात गेले. आजार लांबला होता, मनाची तयारी म्हणतात ती सगळ्यांनी केली होती. शेवटचा निरोप द्यायच्या दिवशी त्यांना घालायला सूट काढला तर पँट एवढी ढगळ की आत दोघे मावतील. वन्संनी ती मशीनवर घेतली. मी म्हटलं, “वन्सं, आता कोण बघणार आहे?”

“मी बघणार आहे,” त्या म्हणाल्या आणि कंबर आत घेतली. जादा कापड कापलं नाही, आतल्या आत दुमडून शिवलं. मग ओला रुमाल टाकून इस्त्री केली, चुण्या नीट पाडल्या. रडल्या नाहीत. मीही रडले नाही. आलेल्या लोकांना वाटलं असेल, काय दगडाच्या बायका आहेत. दात काढण्याआधी सुई देतात आणि गाल आपला राहत नाही, चावला गेला तरी कळत नाही, तसं आमचं झालं होतं. गाल निदान तासाभरात जागेवर येतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पुढच्या खोलीतला दिवा गेला. हे ताडमाड उंच, स्टूल न घेता नुसता हात वर करून दिवा बदलायचे. आम्ही दोघी बुटक्या. घरात स्टूल होतं, नवा दिवाही ड्रॉवरमध्ये होता. तरी आम्ही टेबलावरचा लॅम्प लावून बसायला लागलो आणि बसतच राहिलो. भांडणंही बंद झाली, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. भाजीत मीठ जास्त पडलं तरी वन्सं मुकाट जेवायच्या. त्यांची टाचणी माझ्या खुर्चीवर सापडली तरी मी मुकाट उचलून डबीत टाकायची. घर अगदी शांत होतं. शेजारीण म्हणालीसुद्धा, “दोघी किती समजूतदार झालात हो!” तिच्या तोंडावर दार लावावं असं एरवी मला वाटलं असतं.

ऑक्टोबरात आमच्या लेकीला मुलगी झाली. आम्ही दवाखान्यात जाऊन बाळ पाहून आलो. घरी आल्यावर जेवताना वन्सं म्हणाल्या, “लाँड्रीच्या वरची खोली रिकामी होतेय. नव्या वर्षात मी तिकडे जाईन म्हणते.”

मी पळी खाली ठेवली.

“लेक आता बाळाला घेऊन येत-जात राहील. तिला माझी खोली लागेल,” त्या म्हणाल्या. “आणि भाऊ होता म्हणून मी इथे होते.”

अशा वेळी काय बोलायचं असतं ते शिकवायला कुणी लागत नाही. एरवी माझ्या जिभेला हाड नाही, पण त्या दिवशी तोंडातून एवढंच निघालं, “बरं.”

“झालं तर मग,” वन्सं म्हणाल्या आणि ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं.

त्यांनी जायला मला नको होतं. बाकी काही कळेनासं झालं होतं तरी हे एक मला पक्कं कळत होतं. त्या गेल्यावर या घरात मी एकटी उरेन म्हणून नव्हे, एकटी राहणाऱ्या बायका मी खूप पाहिल्यात. ह्यांना लहानपणापासून ओळखणारं एक माणूस माझ्या समोर बसून जेवत होतं, आणि तेच उठून चाललं होतं. पण ‘राहा’ म्हणायचं तर कुठल्या नात्याने? मधला माणूस गेल्यावर नणंद कुणाची आणि भावजय कुणाची? ते एक ‘बरं’ परत कसं घ्यावं ते मला सुचेना. आज बोलू, उद्या बोलू करता करता वन्संनी सुटकेस पलंगाखालून काढून भिंतीशी उभी करून ठेवली. तीच जुनी सुटकेस.

आमच्या घरी नाताळला पुढच्या खोलीतल्या लांब फळीखाली मोजे टांगतात. पायात घालायचे नव्हेत. हातभर लांब, रंगीत तुकडे जोडलेले, मधे कापसाचा पातळ थर, वरून गोधडीसारखे टाके, आतून अस्तर. नाताळच्या सकाळी त्यात संत्रं, पेन्सिली, हातरुमाल, काही ना काही सापडतं. सगळे मोजे वन्संच्या हातचे. माझा लग्नाच्या पहिल्या वर्षीचा, लेकीचा ती जन्मली त्या वर्षीचा, जावयाचाही आहे. मोजे अडकवायचे फळीखालचे आकडे ह्यांनी लावलेले, हिशेबापेक्षा एक जास्तच, कारण त्यांना नातवंडाची घाई होती. सगळ्या मोज्यांचे चवडे उजवीकडे, स्वयंपाकघराच्या दाराकडे. फक्त ह्यांच्या मोज्याचा चवडा डावीकडे.

तो वन्संनी शिवलेला पहिला मोजा. त्या तेव्हा बारा वर्षांच्या होत्या, हे सात वर्षांचे. मोज्याचा आकार कापायला एक पुठ्ठा असतो, त्याच्या एका बाजूला पेन्सिलने फुली मारलेली. आखायचं कापडाच्या उलट्या बाजूवर, म्हणून पुठ्ठाही उलटा ठेवायचा, फुली खाली. वन्संनी फुली वर ठेवली. कापून, शिवून, सुलटा करून बघतात तर पाऊल भलतीकडे वळलेलं. मागची बाजू साध्या कापडाची, त्यामुळे फिरवून टांगायचीही सोय नाही. वन्संनी रडून घर डोक्यावर घेतलं. तेव्हा हे तो मोजा छातीशी धरून म्हणाले, “चांगलाय की. माझा कुणाच्यात मिसळणार नाही.” पुढे नवा करून देते म्हणून वन्सं कितीदा मागे लागल्या, पण हे बधले नाहीत. दर वर्षी तो फळीच्या उजव्या टोकाला टांगला जायचा. बाकी सगळे एका दिशेने निघालेत आणि हे एकटे समोरून येताहेत, असं दिसायचं. या मोज्यावरून मी वन्संना भरपूर चिडवून घेतलं आहे. एवढी मोठी कारागीर, आणि फुली वर!

त्यांचा स्वतःचा मोजा मात्र नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लेकीने लहान असताना विचारलं होतं, “आत्या, तुझा कुठाय?” तेव्हा “करायचाय अजून,” म्हणाल्या होत्या. तो करायचाच राहिला.

डिसेंबर लागला तशी वन्संनी बाळाच्या मोज्याला सुरुवात केली. लेकीचे जुने फ्रॉक जपून ठेवलेले होते, त्यांचे चौकोन कापले. एरवी हे चौकोन टेबलावर मांडले की आठवडाभर जेवायची पंचाईत. लाल इथे की तिथे, फुलाफुलांचा मधे की कडेला. प्रत्येकाला मत विचारायच्या आणि प्रत्येकाचं मत मोडीत काढायच्या. या वेळी चौकोन हाताला आले तसे मांडले आणि तसेच जोडले. एकेक रांग शिवायची, शिवण इस्त्रीने दाबायची, मग पुढची रांग. खाली कापसाचा थर, त्याखाली पातळ कापड, आणि मग मांडीवर घेऊन हाताने धावदोरा. बोटात अंगुस्तान, सुई आत, सुई बाहेर. मी समोर बसून बघायची, कारण दुसरं काही करावंसं वाटत नव्हतं. टाके सुतासारखे सरळ पडत होते, त्यात कुठे काही कमी नव्हतं. कमी होतं ते बाईत. शिवताना त्या नाकात काहीतरी गुणगुणायच्या, बेसूर, अगदी डोकं उठायचं. ते आता नव्हतं आणि मी त्याची वाट बघत बसायची.

अस्तर लावून, तोंडाला पांढरा गोट घालून त्यांनी मोजा माझ्यापुढे धरला. “कसा झालाय?”

“छान.”

“हं.” त्यांनी तो घडी करून बाजूला ठेवला.

मला राग आला. कितीतरी महिन्यांनी आला, म्हणून मला तो ओळखायलाच जरा वेळ लागला. घरात पहिलं नातवंड आलंय, तिच्यासाठी इतकं देखणं काहीतरी झालंय, आणि आम्ही दोघी त्याच्याकडे किराण्याच्या पिशवीसारखं बघतोय! मी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात वन्सं आत गेल्या आणि पलंगाखालची ती फुगलेली पिशवी ओढत घेऊन आल्या.

“ही कचऱ्यात टाक. तिकडच्या खोलीत जागा नाही.”

ज्या पिशवीसाठी त्या माझ्याशी झोंबाझोंबी करायच्या, ती त्यांनी आपण होऊन माझ्या पायाशी आणून ठेवली. मी पिशवी उचलली, जिना उतरून खाली गेले, कचऱ्याच्या डब्याजवळ जरा वेळ उभी राहिले आणि तशीच परत वर येऊन ती माझ्या कपाटात ठेवली.

मोजा शिवायचं तिथेच ठरलं. आता, मला बटण लावता येत नाही. लावते, पण शर्टाबरोबर माझी साडीही त्यात शिवली जाते. अशा बाईने पँटच्या जाड पट्ट्यांचा गोधडीचा मोजा करायला घेणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण वन्सं दिवसभर लाँड्रीत असायच्या आणि त्यांना शिवताना बघून बघून मला वाटत होतं की त्यात काय एवढं. नाताळ जवळ आल्यामुळे लाँड्रीत कामाची रीघ होती, त्यांना घरी यायला संध्याकाळ व्हायची.

त्यात काय एवढं, ते मला पहिल्याच दुपारी कळलं. पट्ट्या होत्या राखाडी, काळ्या, तपकिरी, गडद निळ्या. एक बारीक रेघांची, एक हिरवट. चौकोन म्हणून कापले ते चौकोन झाले नाहीत. जोडायला गेले तर कोपरे जुळेनात. चार पट्ट्या जिथे एकत्र आल्या तिथे मशीनची सुई मोडली. दुसरी लावली, तीही मोडली. दोरा खाली गोळा होऊन बसला तो कात्रीने कापून काढावा लागला. मशीनवर एक चकती असते, दोरा सैल-घट्ट करायची, ती मी फिरवली, मग परत फिरवली, मग ती आधी कुठे होती तेच विसरले.

संध्याकाळी वन्सं मशीनशी वाकल्या. “याला कुणी हात लावला?”

“मांजराने.”

“आपल्याकडे मांजर नाही.”

“म्हणूनच सापडलं नाही.”

पूर्वी यावरून महाभारत झालं असतं. वन्संनी माझ्याकडे पाहिलं, चकती फिरवून जागेवर आणली आणि सुयांची डबी उघडून आत किती उरल्यात ते बघितलं. डबी बंद केली.

मी रोज दुपारी बसत गेले. कापूस घातला, वरून धावदोरा घातला. बोटं एवढी टोचून घेतली की भांडी घासताना झोंबायची, आणि खरं सांगते, त्या झोंबण्याचं मला बरं वाटायचं. मग वन्संच्या डब्यातून पुठ्ठा काढला. शिवलेलं कापड पालथं घातलं, पुठ्ठा ठेवला, फुली समोर छान दिसत होती, खडूने आखलं, कापलं. मागचा भाग एका जुन्या चादरीचा. अस्तर. टांगायला कापडाचं लूप. सुलटा करायला तो जाड गठ्ठा तोंडातून बाहेर ओढता ओढता घामाघूम झाले. ओढून टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसले.

चवडा डावीकडे होता.

जिने वन्संना इतकी वर्षं चिडवलं तिने फुली वर ठेवली होती. पुन्हा करायला हातात दिवस नव्हते, आणि असते तरी माझ्यात दम नव्हता. मी हसायला तोंड उघडलं, पण हसू काही आलं नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी लाँड्री लवकर बंद झाली. लेक आणि जावई बाळाला घेऊन संध्याकाळी यायचे होते. वन्संनी खोकं काढलं, मोजे एकेक झटकले, इस्त्री केले आणि फळीखाली टांगत गेल्या. माझा, लेकीचा, जावयाचा, मग बाळाचा नवा. शेवटी ह्यांचा. तो टांगावा की नाही यावर आम्ही बोललो नव्हतो. त्यांनी तो उजव्या टोकाच्या आकड्याला अडकवला, हाताने सरळ केला आणि खोकं बंद केलं. ते तसं बंद होताना पाहून मी आत गेले आणि माझा मोजा आणून टेबलावर टाकला. ठेवला नाही, टाकलाच. लाज वाटत होती.

वन्संनी लॅम्प जवळ ओढला. चष्मा वर केला. मोजा उचलून आधी शिवण ताणून बघितली.

“हा टाका आहे? यातून बोट जाईल.”

“जाऊ दे.”

“कापूस एकाच जागी गोळा झालाय. चवडा आहे की बटाटा?” त्यांनी मोजा फिरवला आणि थांबल्या. पट्ट्यांवर अंगठा फिरवू लागल्या. “या माझ्या पिशवीतल्या.”

“हो.”

“तुला टाकायला सांगितली होती.”

“मी तुमचं कधी ऐकलंय?”

त्या खुर्चीत बसल्या. एका राखाडी तुकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “हा पोस्टमन. पायाला वाक आहे त्याच्या, आतून जास्त कापावी लागायची.” बोट पुढे सरकलं. “हे दाताचे डॉक्टर. ही रेघांची, बँकेचा मॅनेजर, बारीक होता तेव्हाची. हा हिरवा शाळेतला पी.टी.चा मास्तर. हा... हा कोण बरं. हां, फुलवाल्याचा मुलगा, लग्नातली पँट.” त्या एकेक तुकडा असा ओळखत चालल्या होत्या की जणू माणसं एकेक करून खोलीत येत होती. पिशवीतून हाताला येईल ते मी घेतलं होतं. यात ह्यांचा तुकडा असेल आणि आता या तिथे येतील, या भीतीने मी टेबलाची कड धरली.

वन्सं शेवटच्या तुकड्यापर्यंत गेल्या. मग परत पहिल्यापासून सगळ्यांवरून बोट फिरवलं.

“त्याचा नाहीये यात,” त्या म्हणाल्या.

“मी बघून घेतलं नाही, वन्सं. जे आलं ते...”

“पिशवीतच नाहीये.” त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता. “उंच होता ना तो. त्याची पँट मी कधी आखूड केलीच नाही. दुमड सोडून लांब करायची प्रत्येक वेळी. आणि त्या दिवशीही कापलं नाही, आत दुमडलं. गावातल्या सगळ्यांचं ठेवलंय मी. त्याची एक चिंधीसुद्धा राहिली नाही गं माझ्याकडे.”

आणि त्या रडायला लागल्या. काडीएवढी बाई, पण रडणं मोठं होतं. मोजा तोंडावर धरून त्या रडत होत्या आणि माझे ते वेडेवाकडे टाके ओले होत होते. मी उठून त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले. पाठीवर हात ठेवावा की नाही ते कळेना, आमच्यात तशी पद्धत नव्हती. शेवटी, ह्यांना खोकला आला की मारायचे तशा थापट्या मारल्या. मग माझंही धरण फुटलं. उन्हाळ्यापासून साठलेलं ते सगळं तिथे गेलं, आणि छातीत दुखलं, चांगलंच दुखलं.

बऱ्याच वेळाने वन्संनी नाक पुसलं, पदराने नव्हे, मोज्यानेच. मग त्यांचं लक्ष लूपकडे गेलं.

“हे इथे कुणी लावायला सांगितलं?”

“कुठे लावायचं असतं?”

“टाचेच्या बाजूला. चवड्याच्या बाजूला लावलंस तर भरल्यावर तोंडावर पडेल ना.” त्यांनी कात्रीच्या टोकाने माझे टाके एकेक करून उसवले. सुई ओवली. दुसऱ्या बाजूच्या शिवणीत लूप खुपसून घट्ट, बारीक टाके घातले, दोरा दाताने तोडला. एकदा ओढून बघितलं. मग विचारलं, “कुणाचा आहे?”

“तुमचा.”

त्या फळीकडे बघत राहिल्या. “आकडा नाहीये,” म्हणाल्या.

बाळाच्या मोज्याने जास्तीचा आकडा घेतला होता. मी स्वयंपाकघरातून हातोडी आणि खिळा शोधून आणला. ठोकायची कामं ह्यांची, त्यामुळे हातोडी कुठे असते इथपासून सुरुवात होती. फळी माझ्या डोक्याच्या वर, म्हणून स्टूल ओढलं. वन्संनी स्टूल धरलं. पहिला घाव फळीला बसला, दुसरा माझ्या अंगठ्याला.

“नाचता येईना अंगण वाकडं,” खालून आवाज आला.

“तुम्ही या वर! नुसतं खालून शहाणपण शिकवायला काय जातंय?”

“मी वर आले तर खिळा सरळ जाईल, मग तुला वाईट वाटेल.”

खिळा वाकडाच गेला, पण गेला. वन्संनी त्याला लटकून बघितलं, म्हणजे जवळजवळ लटकल्याच, आणि मान हलवली. “चढलीच आहेस तर तो दिवाही लाव,” त्या म्हणाल्या आणि ड्रॉवरमधून नवा दिवा काढून माझ्या हातात दिला. स्टूल खोलीच्या मधोमध सरकवलं, चवड्यांवर उभी राहून हात ताणून मी तो कसाबसा बसवला. वन्संनी बटण दाबलं. खोलीत केवढी धूळ साचली होती ते आम्हा दोघींनाही एकदमच दिसलं.

त्यांनी मोजा खिळ्याला अडकवला. ह्यांच्या मोज्याच्या शेजारी, त्याच बाजूला तोंड करून. बाकीचे सगळे इकडून निघालेले, आणि हे दोघे समोरून येत असलेले. नव्या उजेडात माझी शिवण फारच वाईट दिसत होती.

“अगं मिरचे,” वन्सं म्हणाल्या, “फुली वर ठेवलीस.”

“माहीत आहे.”

“फुली खाली ठेवायची असते.”

“माहीत आहे. तुमचंच बघून शिकले ना.”

जिन्यावर पावलं वाजली, बाळाचा रडण्याचा आवाज आला, लेकीचं ‘आलो गं’ ऐकू आलं. दार उघडायला मी वळले आणि तशीच थांबले. आता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

“पुढच्या वर्षी नीट करू आपण,” मी म्हटलं. “तुम्ही शिकवा. इथेच बसून.”

वन्संनी दोन टाचण्या ओठांत धरल्या होत्या. त्या काढून त्यांनी डबीत ठेवल्या आणि डबीचं झाकण लावलं.

“बरं,” त्या म्हणाल्या.